वही, पेन्सिल आणि हातातला मोबाइल



मागे एका अकरावीतल्या मुलाने आम्हाला विचारले, "काका, तुम्ही दर आठवड्याला लिहिता. त्यासाठी कोणतं ॲप वापरता?" आम्ही पिशवीतून दोनशे पानी वही, एक पेन्सिल आणि काचेला तडा गेलेला मोबाइल काढून त्याच्यापुढे ठेवला. पोरगा हसला. त्याला वाटले, काका गंमत करतात. पण ती गंमत नव्हती. आमचे सगळे काम या तीन वस्तूंवर चालते. सुताराला जशी त्याची पटाशी, गवंड्याला जशी थापी, तशी ही आमची हत्यारे. त्याला तेव्हा घाईत काही सांगता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. आणि हे नुसते लिहिणाऱ्यांसाठी नाही. ज्या घरात शाळेत जाणारे एक मूल आहे, रेशनकार्ड आहे आणि सरकारदरबारी एखादा तरी अर्ज पडून आहे, त्या प्रत्येक घरासाठी आहे.

हे लिहायला कारण झाले ते वाई. तिथल्या एका घरात आम्ही जे पाहिले ते आधी सांगतो.

वाई तालुक्यातल्या एका गावात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. घरधनी टेम्पो चालवतो, बाई पाचगणीला एका हॉटेलात साफसफाईच्या कामावर जाते. रोज पसरणीचा घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. थोरली मुलगी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली, नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला. राखीव जागेवर प्रवेश मिळाला, पण जात पडताळणीचे प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यायचे होते. ते दिले नाही तर जागा जाणार. आता आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे की अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. त्यातून आपल्या घरांची आणखी एक अडचण अशी की १९५६ नंतर कोणाच्या दाखल्यावर महार लागले, कोणाच्या बौद्ध, तर कोणाच्या नवबौद्ध. एकाच घरात तीन भावांच्या तीन नोंदी. म्हणून आजोबांचा जुना शाळेचा दाखला म्हणजे सगळ्या घराचा खांब.

या घरात तो खांबच सापडेना. आजोबा मुंबईला गिरणीत होते. मूळ दाखला चाळीतल्या एका पावसाळ्यात भिजून गेला. त्याआधी काढलेली एक झेरॉक्स होती, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे ठेवली. पिशवी उघडली तर अक्षरे कागदावरून उठून प्लॅस्टिकला चिकटलेली! घरधन्याने पूर्वी तिचा मोबाइलवर फोटो काढला होता. तो मोबाइल धोमच्या कालव्यात पडला आणि गेला. शाळेत जाऊन विचारले, तर वर्ष आणि नंबर सांगा म्हणाले, इतक्या रजिस्टरांत शोधायचे कुठे? त्यांचेही खोटे नव्हते. मुदतीला अकरा दिवस उरले होते. बाई चार दिवस कामावर गेली नाही. मुलगी कोणाशी बोलेना.

मग एका रात्री आजी म्हणाली, "आरं, ह्यांची वही बघा की. त्यात समदं लिवून ठिवलंय."

पत्र्याच्या पेटीत तळाला ती वही निघाली. लांबट, हिशेबाची, लाल पुठ्ठ्याची. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी तीत पेन्सिलने लिहिले होते : गावाच्या शाळेचे नाव, नाव दाखल केल्याचे साल १९४६, जनरल रजिस्टरचा नंबर, आणि खाली, "दाखल्यावर आडनाव नाही, फक्त बापाचे नाव व जात आहे." त्याच पानावर गिरणीतला तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, मुलांच्या जन्मतारखा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर ते गावी परतले आणि हिशेबाच्या पैशांसाठी नंबर सांगता येईना म्हणून त्यांना पुष्कळ हेलपाटे पडले. तेव्हापासून म्हणे त्यांनी ही सवय लावून घेतली. ज्याचा नंबर असेल तो वहीत.

नंबर मिळाल्यावर शाळेत तासाभरात नोंद सापडली. नवा उतारा मिळाला, अर्ज वेळेत गेला. मुलगी आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही गेलो तेव्हा आजीने ती वही आमच्या हातात दिली आणि म्हणाली, "बघा भाऊ, मानूस गेला पर कामाला आला." आम्हाला त्यावर बोलायला काही सुचले नाही.

वाचकहो, पेन्सिलीचे अक्षर टिकले आणि मोबाइलचा फोटो गेला, म्हणून मोबाइल वाईट असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. ज्याचे काम त्याला द्यावे, एवढेच त्यातून घ्यायचे.

पेन्सिलीपासून सुरुवात करू. पेन्सिलीचे शिसे म्हणजे खरे तर शिसे नव्हे, ते ग्रॅफाइट असते, कोळशाच्याच जातीचे. ते पाण्याने ओघळत नाही आणि उन्हाने विटत नाही. खोडता येते हा त्याचा दोष. म्हणून अर्जावर पेन्सिल चालत नाही, पण घरच्या नोंदीला तिच्यासारखे टिकाऊ काही नाही. अर्जासाठी काळे किंवा निळे बॉलपेन वापरावे. आमच्या लहानपणी शाईचा पेन होता. दांडेकरांच्या कॅम्लिनने १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, तिच्या दौती आमच्या पिढीच्या पुष्कळांनी दप्तरात सांडल्या आहेत. शाईचे अक्षर दिसायला देखणे, पण पाण्याचा एक थेंब पडला की सगळे पान निळे.

झेरॉक्सची शाई म्हणजे पूड असते आणि ती उष्णतेने कागदावर बसवलेली असते. म्हणून ती मऊ प्लॅस्टिकला चिकटते. झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचीच असेल तर मध्ये एक कोरा कागद घाला. बँकेच्या यंत्रातून किंवा दुकानातून गुळगुळीत कागदाची जी पावती येते ती शाईने छापलेली नसते, ती उष्णतेने काळी झालेली असते. काही महिन्यांत ती कोरी होते. महत्त्वाची पावती असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. मूळ दाखल्याला लॅमिनेशन करू नका. पुढे त्यावर शिक्का मारायचा झाला तर बसत नाही, आणि प्लॅस्टिक काढू गेले तर कागद फाटतो. मूळ कागद दोरीच्या फाइलीत, फाइल पेटीत, पेटी जमिनीपासून वीतभर वर विटांवर. एवढे केले की वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतात.

आता दुसऱ्या प्रतीची गोष्ट. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत निघाले तेव्हा त्यांनी जमवलेली पुस्तके आणि सामान वेगळ्या बोटीने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. स्वतः बाबासाहेब दुसऱ्या बोटीने सुखरूप पोहोचले, पण पोटाला चिमटा काढून घेतलेली ती पुस्तके समुद्राच्या तळाला गेली. त्या काळी दुसरी प्रत करायची म्हणजे पुन्हा हाताने लिहायचे किंवा टाइप करायचे. आज झेरॉक्स एक-दोन रुपयांत निघते आणि मोबाइलचा फोटो फुकट निघतो. तरी आपण एकाच पिशवीत आणि एकाच मोबाइलमध्ये सगळे ठेवतो. आमचाही अनुभव सांगतो. दोन वर्षे या सदराची टिपणे आम्ही फक्त मोबाइलवर ठेवली होती. एके दिवशी मोबाइल बंद पडला तो पडलाच. दुकानदार म्हणाला, "दुरुस्त होईल, पण आतलं काही राहणार नाही." तेव्हापासून आमचा नियम आहे : एक प्रत घरात, एक नातेवाइकाच्या घरात, आणि एक मोबाइलबाहेर इंटरनेटवर.

इंटरनेटवरच्या प्रतीसाठी सरकारचे डिजिलॉकर आहे. २०१५ साली ते सुरू झाले. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो. त्यात दोन प्रकार आहेत आणि हा फरक पुष्कळांना माहीत नसतो. एखादा कागद ज्या खात्याने दिला त्याच्याकडूनच थेट डिजिलॉकरमध्ये आला, तर तो मुळासारखा धरला जातो. आपण स्वतः फोटो काढून त्यात टाकला, तर तो फक्त आपल्या सोयीचा, त्याला मूळ कागदाची किंमत नाही. म्हणून फोटो टाकून निर्धास्त होऊ नका. आणखी एक सावधगिरी. प्रिंट काढण्यासाठी आपण आधार कार्ड, दाखले व्हॉट्सॲपवरून दुकानदाराला पाठवतो. ते त्याच्याकडे राहतात. प्रिंट हातात आल्यावर समोर उभे राहून ते पुसायला सांगा. आणि मोबाइलवर आलेला ओटीपी, समोरचा कितीही गोड बोलला तरी, कोणाला सांगू नका.

आता मराठी लिहिण्याबद्दल. टायपिंगच्या क्लासात खडखड चालणारी यंत्रे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली आहेत, काहींनी त्यावर पोटही भरले आहे. क्लार्क-टायपिस्टच्या नोकरीला मराठी मिनिटाला तीस शब्द किंवा इंग्रजी चाळीस, हा हिशेब आपल्या घराघरांत पाठ होता. गोदरेज कंपनीने १९५५ पासून भारतात टाइपरायटर बनवले आणि २००९ च्या सुमारास ते बनवणे बंद केले. यंत्र गेले, पण वेगाची अट राहिली, ती आता संगणकावर. म्हणून ज्या मुलामुलींना सरकारी नोकरीची इच्छा आहे त्यांनी मोबाइलवर दोन अंगठ्यांनी भराभर लिहिता येते म्हणून खूश राहू नये. दहा बोटांनी लिहायला शिकावे. रोज अर्धा तास याप्रमाणे काही महिने टाकले तर हात बसतो, आणि एकदा बसलेला हात सायकलसारखा जन्मभर विसरत नाही.

संगणकावर मराठी लिहिताना एक जुना घोटाळा होता. ज्या फॉन्टमध्ये लिहिले तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की आपल्या मजकुराच्या जागी नुसत्या चित्रविचित्र खुणा उमटायच्या. लेखक मोठ्या कष्टाने लिहून पाठवायचा आणि इकडे ते पुन्हा पहिल्यापासून टाइप करावे लागायचे. युनिकोड आल्यावर तो त्रास संपला. युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे वाईत लिहिलेले नागपुरात तसेच दिसते. मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच असते. अर्ज, लेख, निमंत्रण काहीही असो, युनिकोडमध्येच करून घ्या. दुकानदाराला तसे सांगा.

ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा भीती आहे त्यांच्यासाठी बोलून लिहिण्याची सोय आहे. गुगलने २०१७ साली मराठीसाठी ती दिली. मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचे चित्र असते, ते दाबायचे आणि बोलायचे. आमची एक मावशी, शाळेचे तोंड न पाहिलेली, ती यावरून नातवाला निरोप पाठवते. मात्र गावांची आणि माणसांची नावे त्यात हमखास चुकतात, पूर्णविराम आपला आपण द्यावा लागतो, आणि आपली गावाकडची बोली त्याला अर्धीच कळते. म्हणून बोलून झाल्यावर कोणाकडून तरी वाचून घ्या. अर्जात एका अक्षराची चूक झाली तर ती दुरुस्त करायला सहा महिने जातात.

हे सगळे वाईतच आठवायला आणखी एक कारण आहे. कृष्णेकाठचे हे गाव लिहिण्याचे मोठे ठिकाण आहे. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे काम वाईत सुरू झाले. पुढे १९८० साली त्याचे वेगळे मंडळ झाले. तर्कतीर्थ प्राज्ञ पाठशाळेत शिकलेले संस्कृत पंडित, पण अस्पृश्यता धर्माला धरून नाही असे शास्त्राच्या आधाराने सांगणारे. ज्या घाटांवरच्या विद्येचे दार आपल्या आजा-पणज्यांना बंद होते, त्याच गावात सगळ्या विषयांचे ज्ञान मराठीत सगळ्यांसाठी लिहायचे काम झाले, ही गोष्ट लहान नाही.

त्या कामाची पद्धत आपण घरी घेण्यासारखी आहे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पण त्याच्याही आधी, १९७३ साली, परिभाषेचा खंड निघाला. क्रमाने तो अठरावा, पण निघाला सर्वांत आधी. म्हणजे कोणत्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणायचे हे आधी ठरवले, मग नोंदी छापल्या. आधी यादी, मग काम. विसावा खंड पुरा व्हायला २०१५ साल उजाडले. बेचाळीस वर्षांत वीस खंड. बहुतेक काळ संगणक नव्हता. टपालाने नोंदी यायच्या, हाताने तपासल्या जायच्या, पुन्हा लिहिल्या जायच्या. आज हा सगळा विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मुलांना शाळेत निबंध किंवा प्रकल्प दिला तर कुठलीही ऐकीव माहिती उतरवण्याऐवजी आधी तिथे पाहायला सांगा. बाबासाहेबांवरची नोंदही त्यात आहे.

आमची स्वतःची पद्धत तर याहून साधी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुदतीच्या तारखा लाल पेन्सिलने लिहायच्या : शिष्यवृत्तीच्या अर्जाची, वीजबिलाची, फीची. तारखेच्या आठ दिवस आधी एक टिंब काढायचे. टिंब दिसले की कामाला लागायचे. रात्री झोपताना वहीत उद्याची तीनच कामे लिहायची. दहा लिहिली की एकही होत नाही, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे. आणि लिहायला बसलो की मोबाइल दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर फडताळावर, डब्यामागे. बाबासाहेबांचा टाइपरायटर नागपूरजवळ चिचोलीच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. त्याच्यापुढे उभे राहिले की मनात येते, या यंत्रात काहीच विशेष नव्हते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद पुन्हा पाहण्यासाठी नानकचंद रत्तूंकडून मागून घेतले होते. टाइपरायटर त्या काळी हजारो लोकांकडे होता. रात्री कागद मागून घेणारा माणूस एकच होता.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. ती रजिस्टरातली ओळ कोणीतरी लिहिली आणि पुढे कोणीतरी जपली, म्हणून आज आपण तारखेसह ते सांगू शकतो. त्याच तारखेला महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस पाळला जातो. वाई तालुक्यातल्या त्या गिरणी कामगाराची १९४६ सालची ओळही तशीच एका रजिस्टरात होती. तिच्यापर्यंत नातीला नेले ते पेन्सिलीने लिहिलेल्या एका नंबराने.

तेव्हा येत्या रविवारी एवढे करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. विचारा : शाळा कोणती, साल कोणते, कोणत्या गावात जन्म, नोकरीचा नंबर काय होता, नावे दाखल्यावर कशी लिहिली आहेत. मुलाला लिहायला लावा, पेन्सिलने, ठळक अक्षरात. मग त्या पानाचे मोबाइलवर दोन फोटो काढा आणि एक फोटो परगावच्या भावाला किंवा बहिणीला पाठवा. अर्ध्या तासाचे काम आहे.

म्हातारी माणसे कायम राहत नाहीत. त्यांना आठवते आहे तोवर लिहून घ्या.